दहाव्या मेंढराचा राग

मी एक जुने लाकडी मेंढरू आहे, आणि मला राग आला आहे. मित्रांनो, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की त्यांचे डोळे पाणावतात, असे तुम्ही ऐकले असेल. माझे डोळे म्हणजे तापवलेल्या खिळ्याने पाडलेली दोन भोके आहेत. त्यांतून पाणी येत नाही. पण दिसते सगळे.

चर्चच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली आहे. तिथे लहान मुलांचा बालवर्ग भरतो. तो ज्यांनी सुरू केला, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. मुलांना त्या मेंढपाळाची गोष्ट सांगत. त्याची शंभर मेंढरे होती, त्यातले एक हरवले, तेव्हा बाकीची तिथेच सोडून तो त्या एकाला शोधायला निघाला. ही गोष्ट मुलांनी नुसती ऐकू नये, हातात धरावी, असे बाईंना वाटले. म्हणून त्यांनी सुताराला बोलावले.

"शंभर मेंढरं करून द्याल का?"

सुताराने कानामागची पेन्सिल काढली, विचार केला आणि परत कानामागे ठेवली. "बाई, शंभर मेंढरं केली तर मुलांना बसवणार कुठं? छपरावर?"

"मग किती?"

"दहा घ्या. हातांना बोटंही तेवढीच असतात."

नऊ मेंढरे खोक्याच्या पांढरट, हलक्या लाकडातून निघाली आणि लाकूड संपले. चर्चमधला एक बाक मोडून पडला होता. त्याच्या पायातून दहावे निघाले, ते मी. साचा तोच, उंची तीच, कानही तसेच. पण मी रंगाने काळपट झाले आणि वजनाला जवळपास दुप्पट. त्या बाकावर बसून वर्षानुवर्षे लोकांनी प्रार्थना केल्या म्हणून मी जड झाले, असे चर्चचा शिपाई सांगत असे. तसे काही नव्हते. त्या झाडाचे लाकूडच दाट होते.

मोठ्या बाईंनी मला तळहातावर तोलले. "हे वेगळंच झालं."

"बदलून देऊ?" सुतार म्हणाला.

"नको. दहांत एक वेगळं असतंच. असू दे."

या एका वाक्यावर मी पुढची कित्येक वर्षे जगले.

आमचा खेळ रोज घरी जाण्यापूर्वी होई. शेवटच्या प्रार्थनेला मुले डोळे मिटून बसत, आणि तेवढ्या वेळात मोठ्या बाई आमच्यातले एक मेंढरू कुठेतरी लपवत. डोळे खरोखर मिटलेले ठेवणे हा वर्गातला पहिला धडा होता आणि तो फार थोड्यांना जमत असे. "आमेन" झाले की मुले कुंपणाशी येत आणि एकेका मेंढराच्या नाकाला बोट लावून मोजत. तोंड नेहमी बोटाच्या पुढे धावे. नाके नऊच असत आणि तोंड मात्र पंधरावर पोचलेले असे. मग बाई म्हणत, "बोटाला विचारा. तोंड उगाच बडबडतं." मुले पुन्हा मोजत. हळूहळू तोंड आणि बोट एकत्र चालू लागत. मोजणे म्हणजे काय, ते त्या क्षणी मुलाला कळे. मी ते शेकडो वेळा माझ्या नाकावर अनुभवले आहे.

त्यानंतर शोध. आणि शोधाचा नियम एकच: हरवलेले सापडेपर्यंत कोणी दप्तर उचलायचे नाही.

फाटकाशी आईबाप ताटकळत. एक बाबा एकदा आत आले आणि म्हणाले, "बाई, लाकडाचंच आहे ना ते? उद्या सापडेल. मला कामावर जायचंय."

"तुमचा मुलगा इथं विसरून राहिला असता, तर उद्या आला असतात का न्यायला?"

त्या गृहस्थांनी चपला काढल्या. थोड्या वेळाने ते टेबलाखाली ओणवे होऊन मला शोधत होते.

एकदा तर बाईंनी मला पाळकसाहेबांच्या कोटाच्या खिशात टाकले. साहेब मुलांना आशीर्वाद देऊन एका आजारी माणसाला भेटायला निघूनही गेले. मुलांनी खोली पालथी घातली. शेवटी एक मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "खोलीत नाही. म्हणजे खोलीतून जे गेलं, त्याच्याकडं असणार. कोण गेलं?" शिपाई सायकल मारत गेला. साहेब धापा टाकत परत आले, मला हातावर धरून. "बाबांनो, मी चोर नाही रे," असे त्यांनी दारातूनच सांगितले.

सापडल्यावर शोधणाऱ्यासाठी टाळ्या नसत. सापडलेल्यासाठी असत. सगळी पोरे एका सुरात म्हणत, "आलं गं बाई, आलं," आणि मग दप्तरे उचलली जात. ज्यांनी हे पाहिले त्यांनी आमचे कौतुक केले. काहींनी दुसऱ्या गावी नेऊन तसाच खेळ सुरू केला. बाकीच्यांसारखाच माझाही एक कान त्या वर्षांत तुटला. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही, तो कामात तुटला होता.

अशा दिवसांत छत्री आली. वर्गात प्रत्येकाची दप्तराची खुंटी असे आणि वाचता येत नाही म्हणून खुंटीवर चित्र चिकटवलेले असे. मुले एकमेकांना त्या चित्रानेच हाक मारत. तिच्या खुंटीवर छत्री होती. शेजारी होडी, पलीकडे किल्ली. होडी हा मुलगा सतत बोले, छत्री कधीच बोलत नसे. तिला ऐकू येई, समजेही, पण वर्गात तोंडातून शब्द निघत नसे. होडीने ते काम स्वतःकडे घेतले होते. "तिला अजून दूध नको," असे तो सांगे आणि ते बरोबर असे.

छत्रीइतके चांगले मला कोणी शोधले नाही. इतर मुले काल जिथे सापडले तिथे आधी धावत. ती दारापासून सुरुवात करी आणि भिंतीच्या कडेकडेने जाई. पाहिलेली जागा पुन्हा पाहत नसे. ती मोजताना ओठ हलवत नसे, पण नऊ नाकांना बोट लावून झाले की तिचे बोट दहाव्या रिकाम्या जागेवर थांबे. तिथेच थांबून राही. मोठ्या बाई म्हणत, "हिला शून्यसुद्धा दिसतं."

मग मोठ्या बाई म्हाताऱ्या झाल्या आणि आपल्या लेकीकडे राहायला गेल्या. त्यांच्या जागी संचालिकाबाई आल्या. त्या वाईट नव्हत्या, हे मला मान्य करावे लागते आणि त्याचाही मला राग येतो. त्या सकाळी सगळ्यांच्या आधी येत, स्वतः खिडक्या पुसत, मुलांसाठी रोज प्रार्थना करत. त्यांनी एक कार्यक्रम आणला होता. त्याला नाव होते, पायऱ्या होत्या, भिंतीवर तक्ता होता. अंकुर, कळी आणि फूल. एक ते वीस मोठ्याने म्हणता आले की कळीचे फूल होई आणि तक्त्यावर सोनेरी चांदणी लागे. वीस म्हणजे केवढे, हे कोणी कोणाला विचारत नसे. खोलीत वीस मेंढरे नव्हतीच. नुसता आवाज होता. पोरे पोपटासारखी वीसपर्यंत जात आणि चांदणी घेऊन परत येत.

आमचा खेळ बंद झाला. "वेळ फार जातो, आणि पालक ओरडतात," असे संचालिकाबाई वर्गातल्या तरुण ताईला म्हणाल्या. ताई मोठ्या बाईंच्या हाताखाली तयार झालेली होती. तिने मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते मला कळले नाही. बहुधा तिलाही नसेल.

आम्हाला काचेच्या कपाटात ठेवले. फोटो काढायचा होता. संचालिकाबाईंनी मान तिरकी करून पाहिले. "हे एक काळं मध्येच डागासारखं दिसतं."

आणि मला पांढरा रंग दिला. एकावर एक दोन हात. ज्या बाकाच्या पायातून मी निघाले त्याचा वास, मुलांच्या बोटांनी आलेली चकाकी, तुटक्या कानाची कड, सगळे त्या रंगाखाली गाडले गेले. दहाही मेंढरे सारखी दिसू लागली. फोटो चांगला आला. मित्रांनो, माझ्या रागाची सुरुवात इथे झाली. पण तो राग माझ्यापुरता होता. खरा राग पुढे आहे.

कार्यक्रमाचे काम पाहायला पाहुणे येणार होते. त्यांना वर्ग पसंत पडला तर इतर ठिकाणीही तोच कार्यक्रम सुरू होणार होता. म्हणून त्याआधी संचालिकाबाईंनी एकेका मुलाची परीक्षा घेतली. छत्रीची पाळी आली तेव्हा ताईने धीर करून म्हटले, "बाई, ती बोलत नाही, पण मेंढरं दिली तर मोजून दाखवेल."

"काढा मग," संचालिकाबाई म्हणाल्या. त्यांनी खरोखर संधी दिली होती, असे त्यांना आजही वाटते.

दहा पांढरी मेंढरे टेबलावर उभी राहिली.

"किती आहेत, सांग बाळ."

छत्रीने दहा नाकांना बोट लावले. मग ती थबकली. तिने पुन्हा मोजले. दहा भरत होती. पण मी दिसत नव्हते. तिच्यापुढचे कोडे केवढे अवघड होते ते पाहा. संख्या पूर्ण आणि तरी एक हरवलेले. तिने टेबलाखाली पाहिले, कपाटामागे पाहिले. संचालिकाबाई पेन वाजवत होत्या. मग छत्री परत आली आणि तिने एकेक मेंढरू तळहातावर उचलले. पहिले उचलून खाली ठेवले. दुसरेही ठेवले. सातव्या जागेवर मी होते. तिचा हात माझ्या वजनाने किंचित खाली गेला आणि तिचा चेहरा उजळला. तिने मला संचालिकाबाईंच्या हातात दिले, दोन पावले मागे सरली आणि एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

"मी आकडा विचारला होता," संचालिकाबाई म्हणाल्या. मग ताईकडे वळून, "पाहिलंत? नुसती खेळते."

मी ओरडू शकले असते तर त्या खोलीच्या काचा फुटल्या असत्या. ताई ओरडू शकत होती. तिला तोंड होते, आणि छत्रीने काय केले ते तिने नीट पाहिले होते. ती म्हणाली, "हो बाई."

दुसऱ्या दिवशी छत्रीच्या आत्याला दारातच थांबवले. छत्रीला तिनेच वाढवले होते. आत्याची लाँड्री होती आणि ती तिथूनच, सरसावलेल्या बाह्यांनी आली होती.

"मुलगी गोड आहे," संचालिकाबाई म्हणाल्या, "पण आमच्या कार्यक्रमात ती बसत नाही."

"बसत नाही? ती तर दिवसभर बसूनच असते. उड्या मारणाऱ्यांचं काय ते बघा."

"तसं नाही. बोलायला लागली की पुन्हा आणा. तोवर आम्ही तिच्यासाठी प्रार्थना करू."

"प्रार्थना मी घरीही करते," आत्या म्हणाली. "शिकवता म्हणून इथं आणत होते."

तिने खुंटीवरचे दप्तर काढले, पोरीचा हात धरला आणि मागे न बघता गेली. संध्याकाळी संचालिकाबाईंनी खुंटीवरचे छत्रीचे चित्र फूटपट्टीच्या कडेने खरवडले. तिथे एक फिकट चौकोन उरला.

"छत्री कुठंय?" होडीने सकाळी विचारले.

"ती दुसरीकडं गेली."

"कुठं?"

"चला, गाणं म्हणू या," संचालिकाबाई म्हणाल्या.

त्याने दुसऱ्या दिवशी विचारले, तिसऱ्या दिवशीही विचारले. गाणी पुष्कळ झाली. ज्या खोलीत एका लाकडाच्या तुकड्यासाठी माणसांना कामावर जाऊ दिले नव्हते, त्या खोलीतून एक जिवंत मूल गेले आणि सगळ्यांनी दप्तरे उचलली. मित्रांनो, मला याचा राग आहे.

पाहुणे यायच्या दिवशी संचालिकाबाईंना आमचा जुना खेळ आठवला. पाहुण्यांना तो आवडेल असे त्यांच्या मनात आले. दोन दिवस तालीम झाली. मला लाल बादलीत ठेवायचे, किल्लीने तिकडे जायचे आणि सापडले म्हणायचे. अगदी वेळेत.

तीन पाहुणे खुर्च्यांवर बसले. एक वयस्कर गृहस्थ मांडीवर चामडी पिशवी धरून होते. प्रार्थना झाली. मुलांनी नऊ मेंढरे मोजली.

"अरेरे," संचालिकाबाई हसून म्हणाल्या, "आपल्यातलं कोण बरं हरवलंय?"

"छत्री," होडी म्हणाला.

"मेंढरांमधलं विचारतेय मी."

"मेंढरू बादलीत आहे. कालपण तिथंच होतं. छत्री हरवलीय."

"छत्री म्हणजे?" वयस्कर पाहुण्यांनी विचारले.

मग मागून ताईचा आवाज आला. "मुलगी आहे. याच वर्गातली. आम्ही तिला काढून टाकलं."

पण मुले मोठ्यांच्या बोलण्यासाठी थांबली नव्हती. त्यांना खेळाचा नियम माहीत होता. कोण हरवले ते कळले होते, आता शोधायचे. त्यांनी टेबलांखाली पाहिले, पडद्यांमागे पाहिले, छत्री करत असे तसे दारापासून भिंतीच्या कडेने गेली. संचालिकाबाई त्यांच्या मागे मागे. "मुलांनो, बसा. मुलांनो, पाहुणे आहेत."

"खोलीत नाही," किल्ली म्हणाली. मग सगळी आपापल्या खुंटीखाली जमिनीवर बसली.

शाळा सुटायची वेळ झाली. फाटकाशी आईबाप जमले. कोणी दप्तर उचलेना.

"आज तो नियम नाही," संचालिकाबाई म्हणाल्या.

"का?" होडीने विचारले. वादासाठी नव्हे, त्याला खरोखर कारण हवे होते. संचालिकाबाईंनी घड्याळाकडे पाहिले.

वयस्कर पाहुणे उठले. "आम्हाला आता निघायला हवं."

फुगा नावाची, वर्गातली सगळ्यांत लहान मुलगी त्यांच्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाली, "ती खाली ठेवा. अजून सापडली नाही."

त्यांनी पिशवी खाली ठेवली.

ताईने बादलीतून मला उचलले आणि पदराला हात पुसत सरळ बाहेर पडली. ती पळत नव्हती, पण तिच्या मुठीतला घाम मला जाणवत होता.

लाँड्रीत वाफ भरली होती. आत्या चादरीला इस्त्री करत होती. टेबलाखाली छत्री कपड्यांचे चिमटे रंगांप्रमाणे रांगेत लावत बसली होती. आत्याने मान वर केली, ताईला पाहिले, तिच्या हातातल्या मला पाहिले.

"वा. लाकडाचं मेंढरू हरवलं की आख्खी शाळा ओणवी होते म्हणे. माझी पोर हरवली तेव्हा कोण आलं? का या गल्लीचा रस्ता सापडला नाही?"

"मी तिथंच उभी होते, आत्या. मी बोलायला हवं होतं."

"हवं होतं."

"मुलं दप्तरं उचलत नाहीत."

इस्त्री थांबली. "कोण म्हणतं उचलू नका?"

"कोणीच नाही. ती हिला शोधतायत. सापडली नाही म्हणून बसून आहेत."

आत्याने चादरीची घडी घातली. तोवर छत्री टेबलाखालून बाहेर आली होती. तिने ताईच्या हातातून मला घेतले, तळहातावर तोलले, आणि नखाने माझ्या कपाळावरचा रंग खरवडू लागली. एक पापुद्रा निघाला. खाली मी होते.

"इस्त्री बंद करते," आत्या म्हणाली. "पण ऐकून ठेवा. मी तुमच्या पाहुण्यांसाठी येत नाही. आणि तुमच्यासाठी तर नाहीच. पोरं भुकेली बसलीत म्हणून येते."

छत्री दारात उभी राहिली तेव्हा खोलीत कोणी आरडाओरडा केला नाही. होडी उठला. त्याने भिंतीच्या एका टोकापासून सुरुवात केली आणि खाली बसलेल्या प्रत्येक मुलाच्या नाकाला बोट लावत निघाला. मोठ्याने मोजत होता आणि त्याचे तोंड बोटाच्या पुढे एकदाही गेले नाही. शेवटी तो दारापाशी आला, छत्रीच्या नाकाला बोट लावले आणि शेवटचा आकडा म्हणाला. मग सगळी म्हणाली, "आलं गं बाई, आलं."

टाळ्या सुरू असताना छत्री आपल्या खुंटीकडे गेली. चित्र नव्हते, फिकट चौकोन होता. तिने दप्तर तिथेच अडकवले आणि लगेच इतरांबरोबर काढून घेतले, कारण आता घरी जायचे होते.

चित्र पुढे ताईने नवे काढले. ते जरा वाकडे आहे. छत्री रोज येते. ती अजून वर्गात बोलत नाही. खेळ पुन्हा सुरू झाला आहे, आणि कार्यक्रमात काही सुधारणा केल्या, असे संचालिकाबाई सांगतात. चुकले, हा शब्द त्यांच्या तोंडून मी अजून ऐकलेला नाही. मी कान लावून आहे, एकच का असेना.

तुम्ही म्हणाल, शेवट तर गोड झाला, मग राग कशाला? मला त्या दिवसाचा राग नाही. त्याआधीच्या दिवसांचा आहे, जेव्हा एक खुंटी रिकामी होती आणि मोठी माणसे तिच्यासमोरून गाणी म्हणत जात होती. होडी नसता तर ती रिकामीच राहिली असती. जिथे होडी नाही, तिथल्या खुंट्यांचे काय?

म्हणून माझी विनंती वेगळी आहे. मला जपू नका. काचेत ठेवू नका, रंग तर मुळीच देऊ नका. तुम्ही उद्या वर्गात जाल तेव्हा मोजा. तोंडाने नव्हे, बोटाने, प्रत्येकाच्या नाकाशी थांबून. आणि एक जरी कमी भरले, तर कोणी काहीही सांगो, दप्तराला हात लावू नका.